उन्हापावसातलं बाकडं

पाणी पिण्याआधी आप्पा पेल्यात बोट बुडवायचे. मग ते बोट टेबलावर, खुर्चीच्या हातावर, दाराच्या फळीवर, जिथं म्हणून लाकूड दिसेल तिथं धरायचे आणि एक थेंब पाडायचे. थेंब गोल उभा राहिला तर खूश होऊन मान डोलवायचे. पसरून आत जिरला तर यजमानाकडे बघून हळहळायचे, "तानलंय बगा हे. पाणी पितंय. तेल पाजा की जरा."

यजमानाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. आमच्या कॉलनीतल्या एका मुलीला बघायला पाहुणे येणार होते, तेव्हा मध्यस्थ म्हणून आप्पांना बसवलं होतं. पोह्यांच्या बशा यायच्या आतच त्यांनी मुलीच्या बापाच्या टीपॉयवर थेंब पाडला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "ह्याचा एक पाय कच्च्या लाकडाचा हाय." मुलाच्या आईनं उरलेला सगळा वेळ मुलीऐवजी टीपॉयच्या पायांकडे बघण्यात घालवला. लग्न जमलं, पण आप्पांना पुन्हा कुणी मध्यस्थीला बोलावलं नाही.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला एकच गोष्ट कळते आणि ती तो अख्ख्या जगाला सांगत सुटतो. आप्पांना मात्र सुरुवातीला ती एक गोष्टही कळत नव्हती. ते काही सुतार नव्हते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली, तीही घडी खात्यात. मूळ गाव मैंदर्गी, त्यामुळे बोलताना मधूनच कानडी यायचं. पटलं की "हौदु", पुरे झालं की "साकु साकु". मी त्यांच्या शेजारच्याच घरात राहते. शाळेत चित्रकला शिकवते. आमच्या दोन अंगणांच्या मधली भिंत जेमतेम कमरेएवढी आहे, तेव्हा मी सांगते आहे ते सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. भोचकपणा म्हणायचा असेल तर म्हणा.

लाकडाचा नाद आप्पांना लागला तो काकूंपायी. काकू म्हणजे त्यांची बायको. धडधाकट होत्या तेव्हा दुपारी चारच्या सुमारास त्या दारातल्या पायरीवर येऊन बसायच्या. मांडीत शेंगांचं सूप, तोंडात सतराशे साठ विषय. बघता बघता भोवती पाच-सात बायका जमायच्या. मी शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच काकूंचं हसणं ऐकू यायचं. एखादीचा नवरा रुसला, एखादीची सून बोलेनाशी झाली, तर त्याचा निकाल त्या पायरीवर लागायचा आणि तो दोन्ही पक्षांना मान्य असायचा.

मग एके दिवशी काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. औषधं झाली, मालिश झाली आणि हळूहळू चार पायांच्या काठीवर त्या घरातल्या घरात चालू लागल्या. पाच-दहा शब्दही परत आले. पण पायरी इतकी खाली, की तिथं बसलं तर उठता येईना. म्हणून आप्पांनी अंगणात प्लास्टिकची खुर्ची ठेवली. पहिल्याच दिवशी काकू तिच्यावर रेलल्या, खुर्चीचा पाय सरकला आणि त्या अंगणात पडल्या. लागलं काही नाही. पण सगळ्या बायका धावत आल्या, एकीनं बगलेत हात घातला, एकीनं पाय धरले, एकीनं पदर सारखा केला. मला वाटतं, काकूंना पडल्याचं काही वाटलं नाही, असं उचलून घेतल्याचं वाटलं. त्यानंतर त्या बाहेर आल्याच नाहीत. खिडकीशी कॉटवर बसायच्या आणि कुणी बाई फाटक उघडताना दिसली की डाव्या हातानं पडदा ओढून घ्यायच्या. आप्पांनी विचारलं की ठरलेले दोन शब्द, "बाहेर न्हाई."

आप्पा समजावून दमले. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा भिंतीपलीकडून मला म्हणाले, "बाई, खुर्ची हलली म्हनून ती पडली. आता हलनारच न्हाय असं कायतरी बसवतो. मग कशी येत न्हाय बगू."

मी म्हटलं, "लोखंडाचं बाकडं घ्या."

"एप्रिलात त्याच्यावर बसवलं तर पापड भाजून निगंल की वो बायकोचा."

सिमेंटचं तर त्याहून वाईट, रात्रीपर्यंत तापलेलं. राहिलं लाकूड. आणि लाकूड म्हटल्यावर सगळी कॉलनी हसली. सोलापूरचं ऊन आणि बाहेर लाकूड? दोन वर्षांत सरपण होईल, असं जो तो सांगून गेला. मीही सांगितलं. आप्पांनी कुणाचं मनावर घेतलं नाही. दुपारी काकू झोपल्या असताना त्यांनी सुतळीनं त्यांच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेतलं. जाग्या असत्या तर त्यांनी घेऊ दिलं नसतं.

त्या मापाची सुतळी खिशात घालून आप्पा लाकडाच्या वखारीत निघाले आणि मलाही घेऊन गेले, का तर मी चित्रं काढते, म्हणजे मला लाकडातलं कळत असणार. वखारवाले चाचा आप्पांच्या जुन्या ओळखीचे. त्यांनी नव्या सागवानाची एक फळी काढली आणि लगेच स्वतःच बाजूला ठेवली. म्हणाले, "ये किनारे का सफेद हिस्सा दिखता ना आप्पा, ये दीमक का नाश्ता है. घर में चलता, बाहर नक्को." मग त्यांनी पाडलेल्या घरातली एक जुनी तुळई दाखवली. काळीकुट्ट, खिळ्यांच्या भोकांनी भरलेली. "ये जित्ता सुकना था सुक गई. अब क्या टेढी होती?"

आप्पांनी तुळई वाजवली, हुंगली, नखानं दाबली. चार माणसं लावून उन्हात आणली. चहा पिऊन आले आणि पुन्हा वाजवली. चाचा शेवटी वैतागले. "इत्ता देख के तो मैं बहू बी नै लाया, आप्पा!"

"सून घरात ऱ्हाती, चाचा. हे बाहेर ऱ्हानार हाय," आप्पा म्हणाले आणि तिसऱ्यांदा हुंगायला वाकले.

सुतारानं बाकडं त्यांच्याच अंगणात कडुनिंबाखाली केलं आणि ते होईपर्यंत आप्पांनी त्याला सळो की पळो करून सोडलं. बसायच्या फळ्यांमध्ये करंगळी जाईल एवढी फट हवी, पाणी खाली गेलं पाहिजे. सुतार म्हणाला, लोक म्हणतील माप चुकलं. आप्पा म्हणाले, म्हणू देत. स्क्रू गंजणारे नकोत. पाय मातीत नकोत, खाली शहाबादी फरशीचे तुकडे हवेत, म्हणजे वाळवी चढणार नाही आणि ओलही. चकचकीत पॉलिश मुळीच नको, उन्हानं त्याचे पापुद्रे निघतात. उंची सुतळीच्या मापाची. आणि डावीकडचा हात उजवीकडच्यापेक्षा चांगला रुंद, कारण काकूंना रेटा द्यायला तोच हात उरला होता. हे शेवटचं कारण त्यांनी सुताराला सांगितलं नाही. सुतार मला म्हणाला, "म्हातारबुवांची नजर गेली वाटतं, एक हात जाड, एक बारीक."

बाकडं झालं. वजनाला असं, की दोघांना हलेना. आप्पांनी ते बरोबर काकूंच्या खिडकीसमोर लावून घेतलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि खिडकीकडे बघून हाक मारली, "येतीस का?"

काकूंनी बाकड्याकडे नीट बघितलं. मग पडदा ओढून घेतला.

आता सुतारानं जाताना सांगितलं होतं, तेल लावत चला. कुठलं, ते आप्पांनी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. आपल्याकडे तेल म्हणजे कुठलं, हे काय विचारायचं? आप्पांनी घाण्यावरचं शेंगतेल आणलं आणि बाकड्याला मनसोक्त चोळलं. दुसऱ्या दिवशी कॉलनीतल्या तमाम मुंग्या बाकड्यावर. चिकट तर इतकं, की दूधवाला टेकला तो उठताना विजार सोडवत उठला. आठवडाभर अंगणाला चटणीचा वास येत होता. खिडकीच्या पडद्याआड काकू हसल्या, असं मला वाटलं. नक्की सांगता येत नाही, कारण आवाज आला नाही.

मग रंगाच्या दुकानदारानं त्यांना जवसाचं उकळलेलं तेल दिलं आणि थेंबाची ती परीक्षाही शिकवली. तेव्हापासून आप्पांचं जे सुरू झालं ते झालं. होळीच्या आधी एकदा आणि दिवाळी झाल्यावर एकदा बाकडं पॉलिश पेपरनं घासायचं, रेघेच्या दिशेनं, आडवं कधी नाही. मग फडक्यानं तेल पाजायचं, थोडं थांबायचं आणि वरचं पुसून घ्यायचं. एरवी रोज सकाळी कोरड्या फडक्यानं धूळ आणि निंबोळ्या झाडायच्या. हे सगळं खिडकीसमोर, खिडकीशी बोलत. "बघ, हितं गाठ हाय लाकडाला. बघ, रंग कसा उतरलाय. राखाडी झालंय, पन आतनं टनक हाय. तुजं माजं केस पांढरं झालं, मग आपन काय मोडीत निगालो व्हय?" 

बाकड्यावर बसायला त्यांनी कुणाला मना केलं नाही. दूधवाला बसायचा, मीटर बघायला येणारा बसायचा, आमचं मांजर तर मुक्कामालाच होतं. फक्त डावीकडच्या टोकाला कुणी बसायला लागलं की आप्पा घाईनं म्हणायचे, "तिकडं नगं, तिकडं तेल वलं हाय." वर्ष उलटलं तरी त्या टोकाचं तेल वाळलं नव्हतं. सगळ्यांना कळायचं. सगळे उजवीकडे सरकायचे.

तेल जमलं, पण पावसापुढे आप्पा घाबरले. आणि घाबरल्यावर त्यांनी तेच केलं, जे सोलापूरचा माणूस करतो. चादर घातली. आपल्याकडे दुखण्याला चादर, पाहुण्याला चादर, टीव्हीला, मोटरसायकलला, धान्याच्या पोत्यालाही चादर. त्यातून आप्पांच्या घरी कारखान्यातल्या खोटीच्या, म्हणजे विणीत दोष राहिलेल्या, चादरींचा ढीग. पावसाळा लागला तशी त्यांनी बाकड्यावर जाडजूड चादर पांघरली, कडा आत खोचल्या आणि निश्चिंत झाले. ती सुती चादर पाणी पिऊन दिवसेंदिवस बाकड्याला बिलगून बसली. कधीतरी उचलून बघितलं तर फळ्यांवर काळे ठिपके, बुरशी. आप्पा हबकले. ब्रशनं घासून काढली आणि आता एका चादरीऐवजी दोन घातल्या.

खिडकीतून काकूंना हे सगळं दिसत होतं. त्या हात हलवायच्या, बाकड्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "चादर… चादर…" पुढचा शब्द यायचा नाही. आप्पा लगबगीनं आत जायचे आणि एक चादर आणून काकूंच्या अंगावर घालायचे. "थंडी वाजती व्हय? सांगायचं न्हाय का लगीच?" काकू ती भिरकावून द्यायच्या. आप्पा पुन्हा घालायचे. मी एकदा भिंतीपलीकडून म्हटलंसुद्धा, "आप्पा, त्यांना वेगळं काही सांगायचंय." तर म्हणाले, "चाळीस वर्सं संसार केलाय बाई. तिला काय पायजे मला कळतं." 

दुसऱ्या वर्षी परतीचा पाऊस फार पडला. एका दिवशी आप्पा पुतण्याच्या साखरपुड्याला मैंदर्गीला गेले होते. मी दुपारी शाळेतून आले, छत्री मिटली आणि सहज भिंतीपलीकडे बघितलं. काकू अंगणात होत्या. एकट्या. पाऊस थांबला होता, पण चिखल झाला होता. चार पायांची काठी चिखलात रोवून, तिला पोटानं टेकून, डाव्या हातानं त्या बाकड्यावरची भिजलेली चादर ओढत होत्या. ओली चादर किती जड होते, तुम्हाला माहीत आहे. आणि या दोन होत्या.

मी धावले. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जागच्या जागी उभी राहिले. त्यांनी पुन्हा ओढली. थोडी सरकली. पुन्हा ओढली. एक चादर खाली चिखलात पडली, मग दुसरी. काकू धापा टाकत होत्या. परत दारापर्यंत जायचं त्राण नव्हतं. समोर बाकडं होतं. त्यांनी रुंद हातावर डावा पंजा टेकवला, मागं सरकल्या आणि बसल्या. बाकडं तसूभरही हललं नाही. मी त्यांना धरलं नाही. धरावंसं फार वाटत होतं, पण धरलं नाही. मी गुपचूप उजव्या टोकाला जाऊन बसले आणि आम्ही दोघी आपापल्या साड्या भिजवत तशाच बसून राहिलो.

संध्याकाळच्या गाडीनं आप्पा आले. फाटकाशीच थबकले. हातातली लाडवांची पिशवी तशीच. मला वाटलं, आता काय बोलतात! तर म्हणाले, "आगं, वलं हाय की ते!"

"तुमच्यामुळंच," काकू म्हणाल्या. झटका आल्यापासूनचा तो त्यांचा सर्वांत स्पष्ट शब्द होता.

आप्पा तडक आत गेले आणि काकूंच्या खांद्यावर घालायला कोरडी चादर घेऊन आले. काकूंनी नुसतं बघितलं. आप्पा चादर घेऊन तसेच माघारी गेले. मग बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी बघायला गेले, तर स्वयंपाकघरात चादरीत तोंड घालून रडत होते. मला बघून म्हणाले, "बाई, मी बाकडं केलं म्हनून न्हाय आली ती. मी बाकडं नासवत हुतो म्हनून आली. साकु, साकु. आली न्हवं? बास."

दुसऱ्या दिवसापासून बाकड्याचा कारभार काकूंकडे गेला. चादरी बंद. पाऊस पडला तर पडू द्यायचा, थांबला की फडक्यानं पुसायचं आणि वाऱ्यावर सोडायचं, हा काकूंचा हुकूम. तो त्या बोटानं आणि चार शब्दांत द्यायच्या. आप्पा घासायचे, काकू बोट दाखवायच्या, "तितं." आप्पा तिथं घासायचे. "तितं न्हाई." आप्पा दुसरीकडे घासायचे. बायका हळूहळू पुन्हा जमायला लागल्या, पहिल्यांदा फाटकाबाहेरून बोलत, मग आत येऊन. डावीकडच्या टोकाचं तेल अखेर वाळलं. पूर्वीचं हसणं काही परत आलं नाही. आता काकू हसायच्या ते एका बाजूनं, पण हसायच्या. आणि आप्पा त्या आनंदात गावभर थेंब पाडत फिरायला लागले, लोकांना लाकडावर व्याख्यानं द्यायला लागले. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला लाकडाचं वेड लागलंय. वेड होतंच, फक्त ते लाकडाचं नव्हतं.

गेल्या थंडीत आप्पा गेले. रात्री जेवून झोपले, सकाळी उठले नाहीत. मैंदर्गीहून त्यांची बहीण आली, नातलग आले. रिवाजाप्रमाणे काकूंना आतल्या खोलीत भिंतीशी बसवलं. बायका येत, काकूंजवळ बसून रडत, जात. आतल्या खोलीला खिडकी नव्हती. काकू रडत नव्हत्या, जेवतही नव्हत्या. मी दोनदा जाऊन आले आणि दोन्ही वेळा घरी येऊन रडले. मला वाटलं, या आता पुन्हा त्या पडद्याआड गेल्या, आणि या वेळी अंगणात उभं राहून हाका मारणारं कुणी नाही.

तिसऱ्या दिवशी मी तिथं असतानाच काकूंनी काठी मागितली. नणंदेला वाटलं, मोरीकडे जायचं असेल. काकू उठल्या आणि दाराकडे वळल्या.

"वैनी, कुटं निगालासा?" नणंद आडवी आली. "दहा दिस तर हू द्या. लोक काय म्हनतील?"

काकू थांबल्या. एकेक शब्द शोधून, जुळवून बोलल्या, "बाहेर. त्येंनी… बाहेर बसायला… केलंय."

नणंद बाजूला झाली. काकू उंबरा उतरल्या, अंगण ओलांडून गेल्या आणि डावीकडच्या टोकाला बसल्या. सकाळचं ऊन अंगावर आलं होतं. भेटायला येणाऱ्या बायका फाटकाशी येऊन घोटाळल्या. दुःख करायला आत जायचं, की इथंच करायचं, त्यांना कळेना. मग एकीनं चपला काढल्या आणि काकूंच्या पायाशी येऊन बसली. पाठोपाठ दुसरी, तिसरी. मी भिंतीला टेकून उभी होते. तेव्हा काकू पहिल्यांदा रडल्या. मोठ्यानं, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत.

नणंद बराच वेळ दारातच उभी होती, रागावल्यासारखी. शेवटी तिला राहवलं नाही, ती तांब्याभर पाणी घेऊन आली. काकूंनी पाणी घेतलं. मग डावा हात बाकड्याच्या हातावर टेकवला, सगळा जोर लावून रेटा दिला आणि उजवीकडे सरकून तिला आपल्या टोकाला जागा करून दिली.